दर रविवारी उपटलेला जिकामा

चिमणे,

थोरल्या बहिणीचे तुला पोटभर आशीर्वाद. त्यातले दोन-चार या पत्राच्या शेवटापर्यंत परत घेण्याचा अधिकार मी राखून ठेवते आहे, कारण आमच्या घरात गेले आठ-नऊ महिने जे काही चालले आहे त्याची सुरुवात तुझ्या हातून झाली.

तुझी कंबर आता कशी आहे? जास्त वेळ उभी राहू नकोस, ओट्याशी एक उंच स्टूल घे असे मी मागेही लिहिले होते, पण तू ऐकशील तर तू कसली. तुझ्या नवऱ्याचा खोकला गेला, की अजूनही तो जिन्यात असतानाच खोकला आधी घरात येतो? नातवाने पडलेला दात डबीत जपून ठेवला आहे म्हणतेस. त्याला सांग, असे अजून पुष्कळ पडायचे आहेत, आत्तापासून मोठी डबी घे. आमचे म्हणशील तर ठीक चालले आहे. शिवणकाम पूर्वीइतके येत नाही, तरी पँटची लांबी कमी करणे, चेन बदलणे आणि लोकांची पोटे सुटली की शिवण उसवून दोन बोटे कापड मोकळे करून देणे एवढे काम हाताला असते. माझ्या गुडघ्याचे विचारू नकोस. (खाली बसता येते. उठायला शिलाई मशीनचा आधार लागतो, आणि मशीन काही दर वेळी जवळ नसते.) तर मुद्द्याचे लिहिते, कारण येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सगळ्याचा निकाल लागायचा आहे आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला आहे.

तुला आठवत असेल, उन्हाळा लागायच्या जरा आधी तू एका पाकिटातून दोन पुड्या पाठवल्यास. एकीत जिकाम्याच्या, म्हणजे त्या पांढऱ्या गोडसर कंदाच्या, बिया, दुसरीत पोब्लानो मिरचीच्या, आणि सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ: बघा कुणाचं चांगलं येतं ते. चिमणे, मला तू जन्मापासून ओळखतेस, तुझ्या भाऊजींना तीसेक वर्षे ओळखतेस, तरी ही ओळ लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही? नुसते लावून बघा म्हणाली असतीस तर दोन्ही बिया मी एका कुंडीत टोचून विसरून गेले असते. पण कुणाचं चांगलं म्हटले की तुलना आली, तुलना आली की वजन आले, आणि वजन आले की तुझे भाऊजी आलेच.

हे काही तुला नव्याने सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय माझा राग बाहेर पडणार नाही. या माणसाने चौतीस वर्षे वजनमापे तपासली. मखमलीचे अस्तर लावलेल्या पेटीत पितळी वजने घेऊन दुकानोदुकानी जायचे, तराजू दोन ग्रॅमने खोटा निघाला तर नोंदवहीत लिहायचे, आणि दुकानदाराने पुढे केलेला चहा तसाच गार होऊ द्यायचे. चौतीस वर्षांत नोंदवहीत एक आकडा खोटा लिहिला नाही याचा यांना अभिमान आहे. मलाही आहे, पण तो अभिमान चार हात लांबून बरा वाटतो, एकाच घरात राहून नव्हे. आमच्याकडे साखरेची पिशवी आली की आधी काट्यावर चढते आणि मग डब्यात उतरते. पोस्टात टाकायचे पत्रसुद्धा पाकीट चिकटवण्याआधी तोलले जाते. (डिंकाचे वजन वेगळे धरतात.) हेही तोलले जाईल. बरे एवढेच की दुसऱ्याचे पत्र वाचणे त्यांच्या नियमात बसत नाही, म्हणून मी इथे मन मोकळे करू शकते.

आणि खरे सांगायचे तर तुझ्या पुड्या आल्या तेव्हा मला आनंद झाला होता. निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने हे रोज सकाळी नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळी पाचला उठायचे. वर्तमानपत्र मांडीवर असायचे, पण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. सुरुवातीला निदान घरातले मीठ-साखर तोलायचे, मग तेही सोडले. तोलणे सोडले तेव्हा मी खरी घाबरले. मशीन चालवता चालवता मागे वळून बघावे तर ती पाठ तशीच. मला त्या पाठीची धास्तीच बसली होती. फोनवर तुला हे कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते आणि हे शेजारच्याच खोलीत होते. तुझी पुडी फोडली त्या सकाळी मात्र बूट निघाले, चष्मा पुसला गेला आणि कागदावर पट्टी ठेवून रेघा ओढल्याचा आवाज ऐकू आला. तो ऐकून मी मनात म्हटले, सुटलो बाई. तिथेच माझे चुकले.

घरामागची जागा तुझ्या पाहण्यातली आहे. वरच्या मजल्याच्या गॅलरीने सगळ्या अंगणावर सावली धरली आहे, फक्त भिंतीलगतचा एक पट्टा, चार हात लांब आणि जेमतेम दीड हात रुंद, त्याला सहा तास ऊन मिळते. तो पट्टा मला मिरच्यांना हवा होता आणि यांना जिकाम्याला. पुष्कळ घासाघीस होऊन असे ठरले की यंदा अर्धा अर्धा, मध्ये माझी सुताची दोरी ताणायची, आणि ज्याचे पीक चांगले येईल त्याला पुढच्या वर्षी अख्खा पट्टा. हा करार लेखी आहे. त्यावर आम्हा दोघांच्या सह्या आहेत आणि माझ्या सहीखाली तारीख राहिली म्हणून मला शिजते भांडे सोडून परत बोलावले होते. मग भिंतीवर, माझ्या गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीशेजारी, तुलनात्मक तक्ता लागला. त्यात उंची, पाने, पाणी, ऊन, वजन, तिखटपणा, धोका असे रकाने. जिकाम्याच्या तिखटपणाचा रकानासुद्धा आहे. त्यात दर आठवड्याला शून्य लिहिले जाते.

आता या दोन झाडांची तुलना कशी व्हायची, तूच सांग. मिरचीचे रोप म्हणजे सरळ माणूस. बी टाकले, दहा-बारा दिवसांत वर आले, वीतभर झाल्यावर जमिनीत लावले, शेजारी एक काठी रोवली, आणि अडीच-तीन महिन्यांत तळहाताएवढ्या, खांद्याला रुंद, टोकाला निमुळत्या, काळपट हिरव्या मिरच्या लोंबायला लागल्या. काय आहे ते समोर आहे. भरायची तर भरा, भाजायची तर भाजा, लाल होऊ द्यायची तर थांबा. आणि जिकामा? त्याचे बी आदल्या दिवशी भिजत घालायचे. मग त्याची वेल येते, ती पंधरा-वीस फूट चढते आणि तिला आधार लागतो. तिला छान जांभळी फुले येतात, ती येतील तशी खुडून टाकायची, म्हणजे ताकद खाली कंदात उतरते. पाने विषारी, शेंगा विषारी, बिया तर फारच विषारी. जे खायचे ते एकटे जमिनीखाली, आणि तिथे ते आठ-नऊ महिने काय करते हे कुणाला ठाऊक नाही. धोक्याच्या रकान्यात यांनी माझ्या मिरचीपुढे लिहिले, दहात एखादी तिखट. स्वतःच्या जिकाम्यापुढे लिहिले, कंद वगळता सर्व. हे लिहिताना यांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली असेल तर शपथ.

यांनी चार वेली लावल्या होत्या. दीड-दोन महिने उंचीचा रकाना भरत होता, पानांचा भरत होता (पाने मोजायला मला उभे केले तेव्हा आत दूध उतू गेले, त्याला रकाना नाही), पण वजनाचा रकाना रिकामा. आणि रिकामा रकाना म्हणजे यांच्या जिवाला घोर. एका रविवारी मी कपडे वाळत घालायला मागे गेले, तर पहिली वेल मुळासकट ताटलीत आडवी, ताटली काट्यावर, आणि हे श्वास रोखून काटा स्थिर व्हायची वाट बघताहेत. मी म्हटले, अहो, हे काय? तर म्हणाले, वजन घेतल्याशिवाय वाढ कळायची कशी? नोंद झाली: मूळ, माती झटकून, अकरा ग्रॅम. मग वेल परत खड्ड्यात, वरून पाणी, आणि बोटांनी माती थोपटणे. इतक्या मायेने यांनी मला आजारपणातसुद्धा थोपटलेले नाही. पुढच्या रविवारी वेल परत बाहेर. नऊ ग्रॅम. त्याच्या पुढच्या रविवारी सात. हे काळजीत पडले, कंद घटतो आहे म्हणाले, बहुधा खत कमी पडते आहे. मी म्हटले, तुम्हाला दर रविवारी अंथरुणातून ओढून ताटलीत निजवले तर तुम्हीही घटाल. मीसुद्धा जन्मभर मापेच घेतली, पण पँटचे माप घ्यायला गिऱ्हाइकाला कधी उसवावे लागले नाही. पाचव्या रविवारी वेल गेली. नोंदवहीत लिहिले आहे: तपासणीदरम्यान निकामी.

त्यावरून काही शिकतील अशी माझी भाबडी आशा. दुसऱ्या वेलीला उपटायचे नाही, फक्त एका अंगाने माती बाजूला करून सुतळीने घेर मोजायचा, अशी सुधारित पद्धत निघाली. तीन आठवडे तिची एक बाजू उघडी आणि एक झाकलेली; चौथ्या आठवड्यात ती उघड्या बाजूला कलली आणि मग उठलीच नाही. तिसरी वेल धडधाकट होती, म्हणून ती नमुना म्हणून कापली. (म्हणजे ती धडधाकट आहे हे सिद्ध करण्यासाठी. सिद्ध झाले.) तेव्हा मात्र माझा संयम सुटला. मी खुरपे उचलले, मशीनच्या खणात बॉबिनांखाली ठेवले आणि कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला अडकवली. पुढचे दोन दिवस घरातला एक मोठा चमचा सापडत नव्हता आणि मला भलताच संशय होता, पण तिसऱ्या दिवशी तो स्वच्छ धुतलेला जागेवर आला. चौथी वेल वाचली ती अशी.

न्याय सगळ्यांना सारखा, म्हणून माझ्या मिरच्यांचेही वजन झाले पाहिजे असा आग्रह. बरे, तोडून तोलले तर वाढ थांबते, म्हणून झाडावर असतानाच तोलायच्या. त्यासाठी आकडीचा काटा आणला. मिरचीच्या देठाला आकडी अडकवून खाली ओढली की काटा मिरचीचे वजन दाखवतो की ओढणाऱ्याच्या उत्साहाचे, असा प्रश्न मी विचारला. उत्तर यायच्या आत मिरची यांच्या हातात. अशा सहा गेल्या. मी तीन रोपांना पोटच्या पोरीसारखे वाढवले, सकाळी मशीनवर बसायच्या आधी पानांच्या खालून किडे वेचले, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत एकेक मिरची तोडतो आणि मान वर न करता मला सांगतो की नोंद मात्र अगदी अचूक आहे. त्या दिवशी मी यांच्या ताटात भाजी वाढलीच नाही. यांच्या ते लक्षात आले नाही, कारण हे सरासरी काढत होते.

तिखटपणाच्या रकान्यासाठी शिक्केवाल्यांना बोलावले. हे यांचे कचेरीतले जुने सोबती, तपासलेल्या वजनांवर सरकारी शिक्का मारायचे. खरे नाव आता त्यांच्या बायकोलाच ठाऊक असेल. अबोल माणूस. जगातल्या बहुतेक गोष्टींवर त्यांचा एकच अभिप्राय असतो, तो म्हणजे ठीक. दहा मिरच्या क्रमांक घालून ताटात मांडल्या, प्रत्येकीची एक चकती खायची. पहिली, ठीक. दुसरी, ठीक. नवव्या मिरचीपर्यंत इतके ठीक झाले की शिक्केवाल्यांचा आत्मविश्वास बळावला आणि दहावीची चकती सोडून त्यांनी अख्खा घास घेतला. सवयीने ठीक म्हणाले. मग डोळे विस्फारले, कान लाल झाले, आणि तो सभ्य माणूस खुर्ची उलटी पाडून अंगणातल्या नळाखाली डोके घालून बसला. हे शेजारी घड्याळ घेऊन उभे, तिखटपणा किती मिनिटे टिकतो ते बघत. सतरा मिनिटांनी शिक्केवाले ओल्या केसांनी परत आले आणि पंच म्हणून सही करून गेले. खाली सहीच्या अलीकडे पाण्याचा डाग आहे, त्याला गोल करून हे तिथे 'पंचांचे अश्रू' असे लिहिणार होते, मी हात धरला.

आणि आता वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाईंचे ऐक. चौथी वेल माझ्या कुलपाच्या कृपेने जी सुटली ती पावसाच्या पाइपला धरून थेट त्यांच्या गॅलरीत. हे रोज सकाळी स्टुलावर चढून तिची फुले खुडायचे, पण फक्त गॅलरीच्या कठड्यापर्यंत. कठड्याच्या वर बाईंची हद्द. हद्दीबाहेर कारवाई केली नाही कधी, म्हणाले. मी म्हटले, अहो, बेल वाजवा आणि सांगा, दोन फुले खुडायची आहेत. तर नाही, यांनी रीतसर अर्ज लिहिला, आपल्या गॅलरीतील फुलांची पाहणी करण्यास परवानगी मिळावी. बाई दिवसभर दवाखान्यात, त्यांना ती पाणी बंद राहण्याची सूचना वाटली आणि त्यांनी ती न वाचता फ्रिजवर चिकटवली. (त्या दिवशी त्यांनी दोन बादल्या पाणीही भरून ठेवले.) अर्जाचे उत्तर येईना, हे हद्द ओलांडीनात, आणि वरच्या फुलांच्या झाल्या शेंगा. एका सुट्टीच्या सकाळी बाई कठड्यावरून वाकून मला म्हणाल्या, “ताई, तुमच्या वेलीला काय सुरेख शेंगा लागल्यात हो! एवढ्या परतायला घेतल्या बरं का!” मी पिना तोंडात धरून बसले होते, मला काही बोलता येईना. पण आतून हे असे धावले की एक चप्पल उंबऱ्यात आणि दुसरी जिन्यात. वर जाऊन यांनी काय समजावले देव जाणे. मी पोचेपर्यंत हे कढई दोन फडक्यांत धरून खाली उतरत होते आणि मागून बाई हातात झारा घेऊन. शेंगा पुरण्याआधी तोलल्या. चारशे दहा ग्रॅम, तेलासह. दंतवैद्य बाई आयुष्यभर लोकांना आ करायला सांगत आल्या. त्या सकाळी त्यांना कुणी सांगावे लागले नाही. आता त्या यांना भेटल्या की जीव वाचवणारे काका म्हणतात आणि हे जरा फुलतात, ते सोड.

तर आजची परिस्थिती अशी. मिरच्यांचा हंगाम आटोपला, आकडीने तोडलेल्या धरून सत्तेचाळीस भरल्या. जिकाम्याच्या चार वेलींतली एक उरली. गारठा पडायच्या आत कंद काढला पाहिजे, म्हणून त्या रविवारी सकाळी दहाला खोदाई ठरली आहे. शिक्केवाले पंच आणि दंतवैद्य बाई पाहुण्या. यांनी आलेख काढून सातशे ऐंशी ग्रॅमचा अंदाज बांधला आहे. (पहिल्या वेलीचे अकरा, नऊ आणि सात त्यात धरलेले नाहीत, ते म्हणे वेगळ्या परिस्थितीतले.) काटा घासूनपुसून ठेवला आहे, पितळी वजनांची पेटी माळ्यावरून खाली आली आहे, आणि घरात सकाळ-संध्याकाळ एकच पाढा चालू आहे. पण परवा शिक्केवाल्यांना दारापर्यंत सोडताना हे काय बोलले ते माझ्या कानावर पडले. म्हणाले, “अंदाजाच्या निम्मंसुद्धा भरलं नाही, तर मातीतलं आपल्याला काही कळत नाही असं समजायचं. पट्टा हिला देऊन टाकतो. आपली खुर्ची बरी.” शिक्केवालेसुद्धा ठीक म्हणाले नाहीत. मी मशीनवर होते, सुई बोटात गेली.

मला काय, माझे भलेच आहे. पट्टा मिळेल, तीनऐवजी सहा रोपे लावीन, कुणी आकडी लावणार नाही, कुणी ताटलीत निजवणार नाही, भिंतीवरचा तक्ता काढून तिथे आरसा लावता येईल. पुढच्या वर्षी बिया पाठवायच्या झाल्या तर कृपा करून एकाच जातीच्या पाठव आणि सोबत चिठ्ठी घालू नकोस. कंबर सांभाळ. घरातल्या सगळ्यांना आमचे दोघांचे सांग.

तुझी,
ताई

ता. क. तुमच्या बाजारात या दिवसांत जिकाम्याचे ढीग लागतात असे तू मागे म्हणाली होतीस. त्यातला एक चांगला बघून पाठव. धुतलेला नको, माती असू दे, आणि वरचा देठाचा बुंधा तसाच राहू दे. वजन सातशे ते आठशेच्या मध्ये. त्या शुक्रवारपर्यंत काहीही करून पोचला पाहिजे. शनिवारी सकाळी हे दोन तास वाचनालयात असतात, तेवढ्या वेळात मी तो वेलीखाली पुरीन आणि आपल्या वेलीचा बुंधा त्याच्या देठाला तपकिरी दोऱ्याने शिवून टाकीन. जन्मभर लोकांच्या कपड्यांना असे रफू केले आहे की त्यांचे त्यांना सापडले नाही, हाही टाका कुणाला दिसायचा नाही. पट्टा यांना गेला तर जाऊ दे. मिरच्या मी कुंडीत लावीन.

पुन्हा ता. क. पार्सल आमच्या नावावर मुळीच नको. घरात आलेले पार्सल आधी काट्यावर जाते. दंतवैद्य बाईंच्या नावावर पाठव, त्यांना मी सगळे सांगून ठेवले आहे. त्यांना रडू आले, मग हसू आले, मग दवाखान्यातून फोन आला म्हणून गेल्या.

आणखी एक, आणि हे वाचून झाल्यावर पत्र फाडून टाक. तुला वाटेल मी हे कशाच्या भरवशावर लिहिते आहे, खाली मोठा कंद असेलही. नाही ग. मागच्या शनिवारी हे बाहेर पडल्यावर मी खणाचे कुलूप काढले आणि खुरपे घेऊन गेले. (उपटली नाही. फक्त एका अंगाने माती बाजूला केली. हो, मला माहीत आहे, बोलू नकोस.) खाली करंगळीएवढे मूळ आहे. सगळी ताकद वर शेंगांत गेली, जिथे या शहाण्या माणसाची हद्द नव्हती. मला ती पाठ पुन्हा त्या खिडकीशी बघायची नाही, चिमणे. वाटेल तेवढा वैताग दिला तरी चालेल.

(खालील मजकूर वेगळ्या हस्ताक्षरात)

मेहुणीबाईंस नमस्कार. पत्राचे वजन चौतीस ग्रॅम भरले, त्याप्रमाणे जादा तिकीट लावले आहे. पत्र मी वाचलेले नाही, ते नियमात बसत नाही. तरी आपणांस कळवतो की सातशे ऐंशी ग्रॅमच्या कंदाला वीतभर खोल खड्डा लागतो, आणि तेवढा वेळ खाली बसून मग आधाराशिवाय उठणे हिच्या गुडघ्याला झेपणार नाही. चारशे ग्रॅमचा पाठवावा. निम्म्याच्या अटीत तो दहा ग्रॅमने बसतो. वेलीपाशी हिने मागच्या शनिवारी माती सारली ती नीट दाबली गेली नव्हती, मी दाबून घेतली आहे. खोदाईच्या वेळी माझा चष्मा आत टेबलावर राहील. शिक्केवाल्यांनाही चष्मा आणू नये असे सांगितले आहे, ते ठीक म्हणाले. नोंदवहीत त्या रविवारचा वजनाचा रकाना मी कोरा ठेवणार आहे. चौतीस वर्षांत तसे केले नव्हते. हे हिला कळवू नये.